औषध लागू पडतंय का? रक्ताचा रिपोर्ट काय सांगतो

आज जरा लाजेच्या, पण गरजेच्या विषयावर बोलू या. संडासातून रक्त आणि आव पडते, पोटात कळ येते, वजन उतरते. तरी आपण ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्‌महिने गप्प बसतो. यामागे आतड्याचा जुनाट दाह असू शकतो. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात. क्रोन्स हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. दोन्ही एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत.

उपचार लांबतो, पैसा लागतो. म्हणून गटातल्या बायका आम्हाला विचारतात, औषध लागू पडेल का, हे रक्त तपासून आधीच कळत नाही का? खात्रीने सांगणारी तपासणी अजून नाही. पण औषध सुरू केल्यावर ते काम करते आहे का, हे समजायला रक्त चांगली मदत करते.

त्यासाठी सीआरपी नावाची साधी तपासणी असते. अंगात सूज असली की यकृत हे प्रथिन जास्त बनवते. सूज ओसरली की काही दिवसांत ते खाली येते.

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी १९९६ साली यावरून एक नियम मांडला. कोलायटिसचा जोराचा झटका आला की रुग्णाला दाखल करून शिरेतून स्टिरॉइड देतात. तिसऱ्या दिवशीही आठपेक्षा जास्त वेळा संडास होत असेल, किंवा तीन ते आठ वेळा होऊन सीआरपी ४५ च्या वर असेल, तर धोका मोठा. अशा १०० पैकी सुमारे ८५ जणांवर मोठे आतडे काढायची वेळ येऊ शकते, असे त्यांना दिसले. आज अशा वेळी डॉक्टर दुसऱ्या औषधाचा किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय लगेच घेतात. म्हणून रुग्णाजवळ बसणाऱ्या बाईने किती वेळा संडास झाली, रक्त किती वेळा पडले, हे वहीत लिहावे. रिपोर्टइतकीच ती वही मोलाची.

ब्रिटनमध्ये क्रोन्सच्या ३८६ नव्या रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०२४ मध्ये छापून आला. कोणाला कोणता उपचार द्यावा, हे रक्तातल्या खुणांवरून ठरवता येईल, अशी आशा होती. ती फळली नाही. पण सुरुवातीपासूनच इन्फ्लिक्सिमॅबसारखे जोरदार औषध दिलेल्यांपैकी ७९ टक्के रुग्ण ४८ आठवडे स्टिरॉइड आणि शस्त्रक्रियेशिवाय बरे राहिले. पायरीपायरीने औषध वाढवलेल्यांत हेच प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे वेळ दवडू नये, हाच धडा.

आता लक्षात ठेवायच्या गोष्टी :

• रिपोर्टवर आकड्यापुढचे माप बघा. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम म्हणजे डेसिलिटरमागे ४.५.

• सर्दी-तापानेही सीआरपी वाढते. काहींची आजार असूनही वाढत नाही. मग मलाची तपासणी किंवा दुर्बिणीची तपासणी लागते.

• बरे वाटले म्हणून स्टिरॉइड मनाने बंद करू नका.

• इन्फ्लिक्सिमॅबआधी टीबीची तपासणी होतेच. घरात कोणाला टीबी झाला असेल तर लपवू नका.

• जुने रिपोर्ट एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय, हे डॉक्टरांना जास्त सांगते.

गटातल्या कोणाला असा त्रास असेल, तर तिला एकटी पाठवू नका. सोबत जा, वही घेऊन जा.