एकोडीत घर, कोठा आणि बांधी घेताना

भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीसारख्या गावात ‘घर, कोठा आणि दोन बांध्या विकणे आहे’ असं कानावर आलं, तरी कागदावर तो एक सौदा नसतो. गावठाणातलं घर, मागची सांदवाडी आणि बैलांचा कोठा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर असतात. धानाची बांधी सातबाऱ्यावर. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. त्यामुळे जुनी खरेदीखतं, वारसांच्या सह्या आणि असल्यास मालमत्ता पत्रक मागावंच.

घर कोणीही घेऊ शकतो. शेतजमीन मात्र विदर्भाच्या 1958 च्या कुळकायद्यानुसार सहसा शेतकऱ्यालाच घेता येते. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ दिसलं किंवा विकणारा आदिवासी असला, तर परवानगीशिवाय इसार देऊ नये. कोठा शेतात बांधलेला असेल, तर तो जमिनीबरोबरच जातो.

खरी मेख पाण्यात आणि वाटेत. हा मामा तलावांचा, म्हणजे मालगुजारांनी बांधलेल्या तलावांचा मुलूख. बांधीला पाणी कुठून येतं, बैलबंडी कोणाच्या धुऱ्यावरून जाते, याचे रिवाज वाजिब-उल-अर्जात नोंदलेले असू शकतात. चराई आणि सरपणाचे हक्क निस्तार पत्रकात. शहरी गिऱ्हाईक हे कागद क्वचितच मागतं. तलाठ्याकडे तेही बघावेत आणि बांधी रोवणीच्या दिवसांत पाहावी. उन्हाळ्यात सगळ्याच वाटा मोकळ्या दिसतात.