गाऱ्हाण्यांचा रंगमंच

सुखी माणसाच्या सुखावर विनोद करून पोट भरणारा विनोदकार अजून जन्माला यायचा आहे. वरच्या मजल्यावरचा पहाटेचा मिक्सर, ऐन आपल्या पाळीला बंद होणारी खिडकी, लग्नात हात धरून ‘ओळखलंस का मला?’ विचारणारे काका, पगारवाढ नाकारणारा साहेब, सोडून गेलेली प्रेयसी, न पटणारे सरकार: या धंद्याचे भांडवल हेच. तक्रारी तर आपण सगळेच करतो. घरातली माणसे त्या मनावर घेत नाहीत, कारण त्यांना त्या पाठ असतात. मग तीच कुरकुर रंगमंचावर उभ्या राहिलेल्या एखाद्याच्या तोंडून ऐकायला लोक पदरचे पैसे का मोजतात? आणि काही वेळा त्याच कुरकुरीपायी विनोदकाराला तुरुंगाची हवा का खावी लागते?

अथेन्समधला उघड दावा

खासगी दुष्मनी रंगमंचावर आणण्याची प्रथा विनोदी नाटकाइतकीच जुनी आहे. ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनिसने इ. स. पू. ४२६ मध्ये ‘बॅबिलोनियन्स’ हे नाटक केले. त्यावरून क्लिऑन हा अथेन्समधला बडा पुढारी खवळला. परक्यांसमोर शहराची नाचक्की केली, असा ठपका ठेवून त्याने नाटककाराला नगरपरिषदेपुढे खेचले. ॲरिस्टोफेनिस त्यातून सुटला, पण गप्प बसला नाही. दोन वर्षांनी आलेल्या ‘नाइट्स’मध्ये त्याने क्लिऑनला एका घरातला चोरटा, खुशमस्कऱ्या गुलाम करून टाकले. त्या घराच्या म्हाताऱ्या मालकाचे नाव होते डेमोस, म्हणजे प्रत्यक्ष जनताच. या गुलामाला पुरून उरतो तो एक सॉसेज विकणारा फेरीवाला, कारण खोटे बोलण्यात आणि बोंबलण्यात तो त्याच्याही वरताण असतो. क्लिऑनच्या चेहऱ्याचा मुखवटा करायला कारागीर धजावले नाहीत, हेही नाटकातच सांगून टाकले आहे.

नाटकाला पहिले बक्षीस मिळाले. आणि त्याच वर्षी अथेन्सच्या मतदारांनी क्लिऑनला सेनापती म्हणून निवडून दिले! पोट धरून हसणारे आणि मत देणारे लोक तेच होते. विनोदाने सत्ता उलथते असे मानणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

पुढच्याच वर्षी ‘क्लाउड्स’ हे त्याचे नाटक स्पर्धेत शेवटच्या, तिसऱ्या क्रमांकावर गेले. ते त्याच्या इतके जिव्हारी लागले, की नंतर फेरलेखन करताना त्याने एका प्रवेशात प्रेक्षकांनाच खडसावले: माझे सगळ्यात हुशार नाटक तुम्हाला कळलेच नाही! परीक्षकांवरचा राग संहितेतच काढणारा हा बहुधा पहिला विनोदकार.

भवानीआईकडे लावलेली तक्रार

आपल्याकडे गाऱ्हाणे देवापुढे घालायची रीत. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी या रीतीचा जो विनोदी उपयोग केला, त्याला तोड नाही. त्यांच्या एका प्रसिद्ध भारुडात एक सासुरवाशीण भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते. नवस कशासाठी? सासऱ्याचा, सासूचा, फडाफडा बोलणाऱ्या जावेचा, नणंदेच्या किरकिऱ्या पोराचा, एकेकीचा आणि एकेकाचा बंदोबस्त व्हावा म्हणून. यादी वाढत वाढत नवऱ्यापर्यंत येते आणि शेवटी तिला एकटीला मोकळे राहायचे असते. प्रपंचाचे पाश तुटून जीव एकट्या ईश्वराशी जोडला जावा, हा त्यातला परमार्थ. पण जत्रेत भारूड ऐकायला बसलेल्या बायका आधी कशाला हसत असतील, हे सांगायला नको. घरात जे ओठांवर आणायची सोय नव्हती, ते इथे टाळ-मृदंगाच्या साथीने आणि देवाच्या साक्षीने बोलले जात होते.

या भारुडात गाऱ्हाण्याच्या विनोदाचा सगळा कारखाना दिसतो. तक्रार ओळखीची आहे, यादी चढत जाते, मागणी अवाच्या सवा आहे आणि बदल्यात देऊ केले आहे काय, तर एक रोडगा! सासू छळते म्हणून आपण सासुरवाशिणीच्या बाजूचे होतो आणि तिचा सौदा ऐकून तिलाच हसतो. तक्रार करणारा स्वतःही थोडा हास्यास्पद झाला, की ऐकणाऱ्याला हसायची मोकळीक मिळते. रडगाणे आणि विनोद यांच्यातली सीमारेषा इथेच आहे.

पोलीसगाडीतले दोघे

अमेरिकेत ही रेषा ओलांडण्याची मोठी किंमत लेनी ब्रूसने मोजली. धर्म, लैंगिकता, वंशद्वेष यांवरची अप्रिय मते तो नाइटक्लबमध्ये भर गर्दीत, शिव्यांसकट मांडायचा. १९६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अश्लीलतेच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. त्या खटल्यात तो निर्दोष सुटला, पण शहरोशहरी अटकांचे सत्र सुरू झाले आणि १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. नंतरच्या दिवसांत तो रंगमंचावर खटल्यांची कागदपत्रे घेऊन यायचा आणि त्यातले उतारे वाचून दाखवायचा. न्यायाधीशाने काय म्हटले, पोलिसाने आपला विनोद साक्षीत कसा मोडतोड करून सांगितला, याचाच पाढा चालायचा. त्याची बाजू न्यायाची होती, पण हसायला आलेल्या लोकांना सुनावणीला बसवल्यासारखे वाटू लागले. अपील प्रलंबित असतानाच १९६६ मध्ये तो वारला. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने त्याला मरणोत्तर माफी दिली ती २००३ मध्ये.

१९६२ च्या डिसेंबरात शिकागोत ब्रूसला पकडले, तेव्हा प्रेक्षकांत जॉर्ज कार्लिन नावाचा तरुण विनोदकार होता. ओळखपत्र दाखवायला नकार दिला म्हणून पोलिसांनी त्यालाही त्याच गाडीत कोंबले. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, दूरचित्रवाणीवर उच्चारायला बंदी असलेल्या सात शब्दांवरच्या प्रयोगासाठी मिलवॉकीत कार्लिनला अटक झाली. पुढे तो खटला निकालात निघाला. पण याच विषयावरचा त्याचा दुसरा प्रयोग १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नभोवाणी केंद्राने दुपारी लावला, त्यावर तक्रार झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल नभोवाणी केंद्राच्या विरोधात लागला.

कार्लिन टिकला, कारण त्याने रागाची मापे बदलती ठेवली. एकीकडे देव, देश आणि बाजार यांच्यावर तो तुटून पडायचा, तर दुसरीकडे घरात साठवलेल्या सामानाच्या अडगळीवर किंवा विमानातल्या गुळमुळीत सूचनांवर तितक्याच पोटतिडकीने बोलायचा. क्षुल्लक गोष्टीवर केलेला प्रचंड संताप आपोआप विनोदी होतो, हे त्याने नेमके हेरले होते.

राजीनाम्याची सोमवार सकाळ

क्षुल्लकाचे हे शास्त्र पुढे नेले जेरी साइनफेल्ड आणि लॅरी डेव्हिड यांनी. १९८९ ते १९९८ या काळात एनबीसी वाहिनीवर चाललेल्या ‘साइनफेल्ड’चे १८० भाग झाले. १९९१ मधला एक अख्खा भाग चिनी हॉटेलात टेबल रिकामे होण्याची वाट पाहण्यात जातो, बाकी काही घडत नाही. वाहिनीच्या अधिकाऱ्यांना यात गोष्ट कुठे आहे हेच कळेना. प्रेक्षकांना मात्र ती लगेच कळली, कारण ‘पाच मिनिटांत देतो’ हे आश्वासन त्यांनीही ऐकलेले होते.

लॅरी डेव्हिडची स्वतःची एक हकिकत तर विनोदाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी. १९८४-८५ च्या हंगामात तो ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमाचा लेखक होता. त्याने लिहिलेले प्रवेश सतत गळायचे. एका शनिवारी कार्यक्रम सुरू होण्याच्या तोंडावर त्याने निर्मात्याला शिव्या हासडल्या, नोकरी सोडल्याचे जाहीर केले आणि तरातरा निघून गेला. घरी जाता जाता किती पैसे बुडवले याचा हिशेब डोक्यात आला. शेजाऱ्याने सुचवले, सोमवारी काहीच झाले नाही असे दाखवून जा. तो गेला, बैठकीत नेहमीच्या जागी बसला आणि कोणी चकार शब्द काढला नाही! पुढे ‘साइनफेल्ड’मध्ये त्याने हाच प्रसंग जॉर्ज या पात्राला दिला. फरक एवढाच, की जॉर्जचा साहेब त्याला सगळ्यांसमोर हाकलून लावतो. खऱ्या आयुष्यात निभावले होते, तरी पडद्यावर त्याने पराभव निवडला. निर्मात्यावर सूड उगवण्याची संधी हातात असताना त्याने स्वतःची फजिती लिहिली, आणि म्हणून ती गोष्ट हसवते.

याच मालिकेने १९९७ च्या डिसेंबरात ‘फेस्टिव्हस’ हा सण जगाला दिला. नाताळाच्या खरेदीला कंटाळलेला, मालिकेतला फ्रँक कोस्टान्झा २३ डिसेंबरला झाडाऐवजी ॲल्युमिनियमचा नुसता खांब उभा करतो. जेवणाच्या टेबलावर सगळे जमले, की सणाचा मुख्य विधी सुरू होतो: वर्षभरात कोणी आपल्याला कसे निराश केले, ते प्रत्येकाला तोंडावर सांगायचे. ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. पटकथालेखक डॅन ओकीफ यांच्या वडिलांनी १९६६ मध्ये हा सण घरातल्या घरात सुरू केला होता. खांब तेव्हा नव्हता, तो मालिकेची भर; गाऱ्हाणी मात्र होती आणि ती टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केली जात. आज अनेक अमेरिकन कुटुंबे हा सण हौसेने पाळतात. सेनेटर रँड पॉल तर सरकारी उधळपट्टीची यादी दर वर्षी याच सणाच्या नावाने प्रसिद्ध करतात.

तरफ ओढली, वस्तू गडप

ब्रिटिशांनी कुरकुरीला रीतसर कार्यक्रमाचे रूप दिले. जॉर्ज ऑरवेलच्या १९४९ मधल्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीत १०१ क्रमांकाची खोली आहे. कैद्याला ज्याची सर्वाधिक भीती, तेच तिथे त्याच्यापुढे आणले जाते. १९९२ मध्ये बीबीसी रेडिओवर ‘रूम १०१’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि १९९४ मध्ये तो दूरचित्रवाणीवर आला. पाहुण्याने आपल्या नावडत्या गोष्टी मांडायच्या, त्या जगातून का नाहीशा व्हाव्यात याची बाजू लढवायची आणि सूत्रधाराने निवाडा द्यायचा. पटले तर तरफ ओढून वस्तू गडप, नाही पटले तर घेऊन जा परत. निक हॅनकॉक, पॉल मर्टन आणि फ्रँक स्किनर यांनी ही न्यायाधीशाची खुर्ची पाळीपाळीने सांभाळली.

या कार्यक्रमाची खरी गंमत वकिलीत होती. ‘मला आवडत नाही’ म्हणून भागत नसे, कारण द्यावे लागे. आणि कारण देता देता पाहुण्याचा स्वतःचा हेकटपणा उघडा पडे. वस्तू आणि सवयींवर राग निघत होता तोवर सगळे खुशीत होते. २००१ मध्ये ॲन रॉबिन्सन या सूत्रसंचालिकेने मात्र वेल्श लोकांनाच त्या खोलीत टाकण्याची मागणी केली आणि बीबीसीकडे तक्रारींचा पाऊस पडला. छत्रीचे स्टँड आणि अख्खा समाज यांच्यात फरक असतो. तो न कळणाऱ्याला लोक विनोदी म्हणत नाहीत.

बेंबट्याचा वारसा

राग कोणावर काढावा, याचे भान मराठीत पु. ल. देशपांड्यांइतके क्वचितच कोणाला असेल. ‘असा मी असामी’मधला धोंडो भिकाजी कडमडे जोशी ऊर्फ बेंबट्या बदलत्या काळाबद्दल तक्रारच करत असतो: फर्निचर, कपडे, मुलांची शाळा, घरात शिरलेल्या नव्या चालीरीती. पण प्रत्येक लढाईत हरतो तोच. पुणेकर व्हायचे असेल तर कुठल्याही विषयावर ठाम मत हवे, आपला त्याच्याशी संबंध असलाच पाहिजे असे नाही, हे पुलंनीच दाखवून दिले. पुणेरी पाट्या म्हणजे तरी दुसरे काय? भिंतीवर टांगलेली गाऱ्हाणीच ती. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘भाडिपा’ या यूट्यूब वाहिनीसारख्या मंडळींनी याच वैतागाला मराठी स्टँड-अपचे नवे व्यासपीठ मिळवून दिले.

मात्र माइकसमोरचा माणूस वैतागाकडून सत्तेकडे वळला की वातावरण बदलते. जानेवारी २०२१ मध्ये इंदूरला विनोदकार मुनव्वर फारुकीला कार्यक्रमातूनच अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत त्याने महिनाभर तुरुंगात काढला. मार्च २०२५ मध्ये विनोदकार कुणाल कामराने उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर, नाव न घेता, गायलेले एक विडंबनगीत प्रसिद्ध केले. त्यावरून शिवसैनिकांनी मुंबईतल्या खारच्या ‘हॅबिटॅट’ या प्रयोगस्थळाची मोडतोड केली आणि कामरावर गुन्हा दाखल झाला. क्लिऑनने निदान नगरपरिषदेपुढे तक्रार तरी नेली होती.

न हसवण्याचा हक्क

आणखी एक प्रश्न उरतो. गाऱ्हाणे खरोखर मोठे असेल तर? ऑस्ट्रेलियन विनोदकार हॅना गॅड्सबी यांनी २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘नॅनेट’मध्ये हा प्रश्न विचारला. बसथांब्यावर अंगावर धावून आलेल्या एका माणसाची हकिकत गॅड्सबी आधी हसवण्यासाठी सांगतात. प्रयोगाच्या उत्तरार्धात तीच हकिकत पुन्हा येते, या वेळी खऱ्या शेवटासह: तो माणूस परत आला आणि त्याने मारहाण केली. विनोदासाठी तो शेवट आजवर कापावा लागला होता. स्वतःला हास्यास्पद करणे ही ज्यांच्याकडे मान आहे त्यांची नम्रता, पण ज्यांना तो कधी मिळालाच नाही त्यांचा तो आणखी एक अपमान, असा गॅड्सबी यांच्या म्हणण्याचा रोख आहे. स्वतःच हरून हसवण्याचा बेंबट्याचा नियम इथे लागू पडत नाही आणि ते मान्य करायला हवे.

म्हणून गाऱ्हाण्याच्या विनोदाची कसोटी रागाच्या तीव्रतेवर ठरत नाही. राग कोणावर आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहावे. आपल्याहून बलवानावर किंवा स्वतःवर उलटणारी तक्रार हसवते आणि टिकते. दुबळ्यावर पडणारी तक्रार टाळ्या मिळवते, पण ती निव्वळ दांडगाई असते. पुढच्या वेळी एखाद्या विनोदावर भावना दुखावल्या म्हणून कोणी दगड उचलला, तर वाचकहो, आधी एवढेच विचारा: या विनोदात मार खाणारा कोण होता, आणि दगड उचलणारा कोण आहे?