सायलेन्सरचे काम

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे शहर. येथील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. पोलाद कारखाना दिवसरात्र चालत असल्यामुळे रात्रपाळीचे कामगार सकाळी घरी येऊन झोपतात. अशा वेळी एखादी मोटारसायकल फटाके फोडल्यासारखा आवाज करीत रस्त्यावरून गेली, की साऱ्या घराची झोप मोडते. अशा गाडीचा मूळ सायलेन्सर बहुधा काढलेला असतो आणि त्या जागी पोकळ नळी बसवलेली असते. त्यामुळे गाडीची ताकद वाढते, असा अनेकांचा समज आहे.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल व हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटते आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. त्यानंतर धूर बाहेर सोडणारी झडप उघडते. आत अजून दाब असल्यामुळे तापलेला वायू जोराने नळीत घुसतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमधून असे धक्के दर सेकंदाला २५ वेळा बसतात. हेच धक्के आवाजाच्या रूपाने ऐकू येतात. सायलेन्सरच्या आत पडदे, कप्पे व भोके पाडलेल्या नळ्या असतात. आवाजाच्या लाटा त्यांवर आदळून परत फिरतात आणि एकमेकींना बऱ्याच अंशी नष्ट करतात.

बाहेर पडणारा वायू आपल्या मागे कमी दाब ठेवून जातो. त्या ओढीने सिलिंडरमध्ये उरलेला धूरही निघून जातो. नळीची लांबी व रुंदी याच हिशोबाने ठरवलेली असते. शर्यतीच्या गाडीत नळीबरोबर इंधनाचे प्रमाणही बदलतात, तेव्हा जास्त वेगात थोडा लाभ होतो. शहरातील वेगात मात्र नुसती नळी बदलल्याने ओढ बहुधा कमीच होते. ॲक्सिलरेटर सोडताना होणारा फटाका तर न जळलेल्या पेट्रोलचा असतो. ते तापलेल्या नळीत पेट घेते. म्हणजे पैसा धुरातून जातो!

नव्या गाड्यांत याच मार्गावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यातील प्लॅटिनमसारख्या धातूंमुळे विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते. पोकळ नळी बसवणारा बहुधा हा भागही काढून टाकतो.

भिलाईत सेक्टर ९ मध्ये मोठे रुग्णालय आहे. रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. आवाज व प्रदूषणाचे नियम मोडणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद तीत करण्यात आली.

चांगला सायलेन्सरही कधी आवाज करू लागतो. एक लिटर पेट्रोल जळाले, की सुमारे एक लिटर पाणी वाफ होऊन निघते. गाडी नेहमी जवळच्या फेऱ्यांपुरतीच चालवली, तर सायलेन्सर पुरेसा तापत नाही. पाणी आत साचते आणि पत्रा आतून गंजतो. लहान भोक वेल्डिंगने बुजवता येते. पत्राच कुजला असेल, तर त्याच मॉडेलचा सायलेन्सर नव्या गॅस्केटसह बसवावा लागतो.