राग येतो कुठून?

स्वीडनमधल्या एका तुरुंगात मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एका संतापलेल्या कैद्याला विचारलं, राग कशामुळे आला? त्याच्या लेखी उत्तर उघड होतं. तीन आठवड्यांपूर्वी अर्ज केला होता आणि अधिकाऱ्यांनी अजून उत्तर दिलेलं नव्हतं.

रोझेनबर्ग म्हणाले, हे झालं निमित्त. तू मनाशी काय म्हणत होतास ते सांग. मग निघालं : हा अन्याय आहे, माणसांना कुणी असं वागवतं का? बरं, आणि या सगळ्याच्या तळाशी तुला हवं काय आहे? इथे तो बराच वेळ अडला. अर्ज एका प्रशिक्षणासाठी होता. ते मिळालं नाही तर सुटल्यावर पोट भरता येणार नाही आणि आपण पुन्हा इथेच येऊ, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आता काय वाटतंय, असं विचारल्यावर तो म्हणाला, भीती.

अर्ज तिथेच पडून होता, अधिकारी तेच होते, तरी मघाचा राग उरला नव्हता. याच माणसानं नंतर रोझेनबर्गना सांगितलं, की हे दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर त्याच्या हातून जिवलग मित्राचा खून झाला नसता. रोझेनबर्ग यांच्या ‘नॉनव्हायलंट कम्युनिकेशन’ (अहिंसक संवाद) या पुस्तकातला हा प्रसंग वाचला की मी दर वेळी थबकते. एवढा मोठा अनर्थ आणि एवढी छोटी विद्या!

लहानपणी, 1943 साली, डेट्रॉइटची वांशिक दंगल पाहिलेले रोझेनबर्ग पुढे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याकडे शिकले. आपल्या पद्धतीला ‘अहिंसक संवाद’ हे नाव त्यांनी गांधीजींच्या अहिंसेवरून दिलं. ती चार पायऱ्यांची आहे : काय घडलं, मला काय वाटलं, माझी गरज कोणती, माझी विनंती काय. ऐकायला सोपं आहे. पण पहिल्याच पायरीवर पाय घसरतो, कारण घडलेली गोष्ट आणि त्यावरचा आपला निवाडा आपण एका दमात बोलून टाकतो.

तुरुंगातून सुटलेल्याला हे आणखी जड जातं. आत चेहऱ्यावर भीती दिसू देणं धोक्याचं असतं. वर्षानुवर्षं तो चेहरा बंद ठेवायचा आणि घरी आल्यावर बायकोसमोर, मुलांसमोर एकदम उघडायचा, हे जमणार कसं? म्हणून ही पद्धत शिकवणाऱ्या वर्गात आधी सराव करायचा. समजा, एकजण बायको होतो आणि ओरडतो, ‘‘तुला कुणाची पर्वाच नाही!’’ जुनी सवय लगेच उलट वार करायला धावते. तिला आवरून समोरच्यानं म्हणायचं, ‘‘नऊला येतो म्हणालो आणि अकरा वाजले. मी पुन्हा कशात तरी अडकलो, अशी भीती वाटली का तुला?’’ हा अंदाज चुकूही शकतो, मग ती दुरुस्त करते. पण तोवर भांडणाचं बोलणं झालेलं असतं.

चौथी पायरी, विनंतीची, मला सगळ्यात अवघड वाटते. ‘आठवड्यातून एकदा तुला फोन करू का?’ असं दुरावलेल्या मुलीला विचारलं आणि ती ‘नको’ म्हणाली, तर बाप काय करतो? चिडला, तर ती विनंती नव्हती, हुकूमच होता. त्या नकारातून ती काय जपते आहे, हेही त्याला ऐकता यायला हवं.

या पद्धतीचा उपयोग होतो का? पॅरोलवरच्या माणसांवर झालेला एक अभ्यास पाहू. अमेरिकेत पॅरोल म्हणजे आपल्यासारखी तात्पुरती रजा नव्हे. तिथे शिक्षेचा उरलेला काळ देखरेखीखाली बाहेर काढायचा असतो. अशा 30 पुरुषांना व्यसनमुक्ती केंद्रात आठ आठवडे हे शिकवलं, तेव्हा दुसऱ्याचं मन जाणण्याची त्यांची क्षमता मोजण्याइतकी वाढली. हा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. वॉशिंग्टन राज्यात मनरोच्या तुरुंगात ‘फ्रीडम प्रोजेक्ट’ हेच शिकवतो, जोडीला ध्यानही. त्यावरच्या 2014 सालच्या अभ्यासानुसार शिकलेल्यांपैकी 21 टक्के पुन्हा तुरुंगात गेले, तर राज्याचा आकडा 37 टक्के होता. या वर्गांना आपणहून येणारा माणूस बदलायला आधीच थोडा राजी असतो, त्यामुळे सगळं श्रेय चार पायऱ्यांना देता येणार नाही. तरी एवढ्या फरकाकडे काणाडोळाही करवत नाही.

‘फ्रीडम प्रोजेक्ट’मध्ये शिक्षा भोगून आलेली माणसंही शिकवतात. ‘आत हे बोललं तर मार खावा लागतो,’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना ते समजावून घ्यावं लागत नाही. मग तिथे हे कधी आणि कुणाशी बोलायचं, यावर थेट बोलणं सुरू होतं.