बिनचालक गाडी, लेखांक सहावा : गाडी बंद पडली तर?

मागच्या लेखाच्या शेवटी केबलने ओढल्या जाणाऱ्या गाड्यांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. तो विषय आज बाजूला ठेवतो. जालन्याहून एका वाचकांचं पत्र आलंय. विमानतळावर दर दोन मिनिटांनी सुटणाऱ्या बिनचालक गाड्यांचं गणित त्यांनी बारकाईने वाचलंय आणि शेवटी विचारलंय, ‘हे सगळं ठीक, पण गाडीच बंद पडली तर?’ या विषयातला माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा हाच, म्हणून आजचा अख्खा लेख या पत्रासाठी.

आपल्या चिकलठाणा विमानतळाला ही चिंता नाही. एकच इमारत, बॅग दिली, तपासणी झाली की काठी टेकत चालणारी आजीसुद्धा सावकाश गेटपाशी पोचते. पण मुख्य इमारत आणि विमानं लागण्याची जागा यांच्यामधून विमानांची ये-जा असेल, तर बोगदा खणावा लागतो आणि त्यात गाडी येते. त्या गाडीशेजारी माणसांना चालायला वाट ठेवायची की नाही, हे कागदावरच ठरवावं लागतं.

अटलांटाने 1980 मध्ये ती ठेवली. तिथे गाडीच्या बोगद्याला समांतर अशी पायी जायची प्रशस्त वाट आहे, सरकते पट्टे आहेत. एका टप्प्यात झिम्बाब्वेच्या शिल्पकारांची दगडी शिल्पं मांडली आहेत, आणि हाताशी वेळ असलेले प्रवासी गाडी सोडून मुद्दाम त्या वाटेने जातात. 1995 मध्ये सुरू झालेल्या डेन्व्हरने मात्र फक्त पहिल्या, ‘ए’ इमारतीला पूल दिला. ‘बी’ आणि ‘सी’ला जायचं तर गाडीनेच. 1998 च्या एप्रिलमध्ये एका गाडीच्या निखळलेल्या चाकामुळे बोगद्यातली केबल तुटली आणि सगळी सेवा कित्येक तास ठप्प झाली. अशा वेळी हाताशी उरतात त्या फक्त बस, आणि एका गाडीतली माणसं हलवायला दोन-तीन बस लागतात. लिफ्ट बसवली म्हणून जिनाच न बांधणाऱ्या बिल्डरला आपण काय म्हणू?

यावर उत्तर मिळतं की यंत्रणा फार भरवशाची असते. असतेच. करारात साधारण 99.5 टक्के उपलब्धतेची अट घालतात. पण गाडी रोज वीस तास चालते असं धरलं तर वर्षाचे 7,300 तास होतात, आणि त्यातला अर्धा टक्का म्हणजे साडेछत्तीस तास. हे तास मध्यरात्री पाच-पाच मिनिटांनी विखुरले तर कुणाला पत्ताही लागत नाही. सकाळच्या गर्दीत त्यातला एक तास सलग आला, तर प्रवाशांचा लोंढा फलाटावर साचतो आणि मागून येणाऱ्यांना जिन्यावरच थोपवावं लागतं.

आता आकडे मांडून पाहू. दोन स्थानकांत एक किलोमीटर अंतर, गाडीत शंभर माणसं, दर दोन मिनिटांनी गाडी : तासाला एका दिशेने 3,000 प्रवासी. एक मार्ग बंद पडला आणि उरलेल्या मार्गावर एकच गाडी मागेपुढे करू लागली, तर जाऊन-येऊन थांब्यांसकट पाच मिनिटं लागतात. म्हणजे बारा फेऱ्या, 1,200 प्रवासी. बाकीचे 1,800 फलाटावर उभे.

आणि पायवाट? जॉन फ्रुइन यांनी 1971 च्या आपल्या पुस्तकात चालणाऱ्यांच्या गर्दीला ए ते एफ अशा श्रेणी लावल्या. आजही स्थानकांचे आराखडे त्या हिशेबाने तपासतात. दर मीटर रुंदीतून मिनिटाला वीस माणसं, ही त्यातली अगदी ऐसपैस श्रेणी. चार मीटर रुंद वाट घेतली तर मिनिटाला ऐंशी, तासाला 4,800. साधी फरशीची वाट धडधाकट गाडीपेक्षा दीडपट माणसं नेते! हातात बॅग असेल तर तो किलोमीटर चालायला सतरा-अठरा मिनिटं लागतील, एवढंच. ज्यांना तेवढं चालवत नाही त्यांच्यासाठी बॅटरीवरची गाडी, बाक आणि पिण्याचं पाणी हवं. व्हीलचेअरवाल्यांची सोय तर आराखड्यातच दाखवलेली हवी.

डॅलस–फोर्ट वर्थने 2005 मध्ये वेगळी तोड काढली. तिथल्या ‘स्कायलिंक’ या यंत्रणेच्या दोन वर्तुळांवर गाड्या परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात, त्यामुळे एक वर्तुळ बंद पडलं तरी उलट्या बाजूने वळसा घालून पोचता येतं. उत्तम उपाय, पण खर्चिक.

हे सगळं मला लिहावंसं वाटतं ते नवी मुंबईसाठी. तिथल्या आराखड्यात चारही टर्मिनल जोडणारी अशी गाडी आहे, आणि पूर्ण क्षमता वर्षाला नऊ कोटी प्रवाशांची. डिसेंबर 2025 मध्ये विमानं सुरू झाली ती एकाच टर्मिनलवरून, म्हणून गाडीची गरज आज नाही. पायवाटेची जागा मात्र आताच राखायला हवी. वर विमानं फिरू लागल्यावर खालचा बोगदा चार मीटरने रुंद करणं जवळपास अशक्य. त्याऐवजी मेट्रो चालेल का? मुंबई विमानतळाच्या टी 1 आणि टी 2 या दोन्ही टर्मिनलना मेट्रो-3 ची स्थानकं आहेत, मध्ये फक्त सहार रोड हे स्थानक. पण ती शहराची मेट्रो. विमान बदलणाऱ्याला तपासणीच्या बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं. नवी मुंबईला गाडी बंद असताना अशी मेट्रो पायवाटेची जागा घेऊ शकणार नाही, ती याच कारणाने.

केबलच्या गाड्या पुढच्या आठवड्यात, नक्की.