नागपूजेचे गाव आणि सर्पदंशाचा हिशेब

नागपंचमीला जिवंत नाग पूजिण्याच्या ज्या परंपरेमुळे बत्तीस शिराळा सर्वदूर ख्यात झाले आणि जिला उच्च न्यायालयाच्या आदेशाने पायबंद बसला, तिच्या निमित्ताने सर्पदंशाच्या प्राणहानीचा हिशेबही मांडणे उचित होय.

पुष्कळ रुग्ण घरी, शिवारात वा मांत्रिकाच्या दारी दगावल्याने रुग्णालयांची दप्तरे अपुरी पडतात. म्हणून संशोधकांनी घरोघरी आप्तांच्या जबान्या घेऊन मृत्यूंची कारणे ठरविली, आणि २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मृत्युमुखी पडल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध केला.

पावसाळा, अनवाणी शेतकाम, काळोखातील वावर आणि जमिनीवरील निद्रा ही जोखमीची प्रमुख कारणे. नाग व मण्यार यांचे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा संदेश रोखून श्वास बंद पाडते, तर घोणस व फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती हरण करते. या चौघांच्या विषाच्या अल्प मात्रा घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातून मिळविलेले प्रतिविष हाच खरा उतारा. तेव्हा आवळपट्टी बांधणे, जखम चिरणे वा मंत्रोपचार यांत वेळ न दवडता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.