समुद्रकिनारी व गोड्या पाण्यात वापरायचे धातुशोधक

समुद्रकिनारा, नदी किंवा तलाव येथील वाळूत व उथळ पाण्यात पडलेल्या धातूच्या वस्तू शोधणाऱ्या उपकरणास धातुशोधक म्हणतात. त्याची निवड प्रामुख्याने पाण्याच्या क्षारतेवर अवलंबून असते.

कार्यतत्त्व
उपकरणाच्या कुंतलातून बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्यामुळे जवळच्या धातूत विद्युतप्रवाह प्रवर्तित होतो व त्याचा प्रतिसाद उपकरण टिपते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी व त्याने भिजलेली वाळू विद्युतवाहक असल्याने धातू नसतानाही खोटे संकेत मिळतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजे आहेत. अशा वाळूतही अडथळा येतो.

प्रकार
एक-वारंवारता: गोडे पाणी व कोरडी वाळू यांसाठी पुरेसा. ओल्या खाऱ्या वाळूत संकेत अस्थिर होतात.
बहु-वारंवारता: अनेक वारंवारतांच्या प्रतिसादांची तुलना करून क्षारांचा परिणाम वजा करतो. दोन्ही ठिकाणी उपयुक्त.
स्पंद-प्रवर्तन: खारे पाणी व काळी वाळू यांत खोलवर शोध घेतो, मात्र लोखंड व मौल्यवान धातू यांतील भेद त्यास नीट कळत नाही. खिळ्यांनी भरलेल्या नदीघाटावर तो गैरसोयीचा ठरतो.

निवडीचे निकष
अनेक उपकरणांत केवळ कुंतल जलरोधक असते, नियंत्रण-पेटी नसते. म्हणून संपूर्ण उपकरण किती मीटर खोलीपर्यंत जलरोधक आहे, हे पाहावे. रेडिओ लहरी पाण्यात फार दूर जात नसल्याने बुडी मारून शोध घेताना तारेचा जलरोधक हेडफोन लागतो. सोन्याची बारीक अंगठी व ॲल्युमिनियमचा वर्ख यांचे संकेत बरेचदा सारखे असतात. वर्ख वगळण्याची सोय वापरल्यास अंगठीही निसटते. खाऱ्या पाण्यातील वापरानंतर उपकरण गोड्या पाण्याने धुवावे.

कायदेशीर बाजू
भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मूल्याची निधी-वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांसारख्या केंद्र-संरक्षित स्मारकांच्या क्षेत्रात परवान्याविना उत्खनन करता येत नाही. वस्तू मूळ जागेवरून हलवल्यास तिचा ऐतिहासिक संदर्भ कायमचा नष्ट होतो. चांगले उपकरण तो परत मिळवून देऊ शकत नाही.